निळ्या झाकेची पर्ल पावडर पांढऱ्या शेल्यावर पिवळट का दिसते?

मूर्तिरंग:

नमस्कार. पेणला आमचा गणेशमूर्तींचा कारखाना आहे आणि तेथील रंगकाम मी पाहतो. पितांबर, शेला आणि मुकुट यांवर मोतिया झळाळी हवी अशी मागणी अलीकडे बऱ्याच ठिकाणांहून येते. त्यामुळे बाजारात पर्ल पावडर या नावाने मिळणारी पूड पारदर्शक मीडियममध्ये कालवून आम्ही ती स्प्रे गनने मारतो. चंदेरी पावडरीबाबत कधी अडचण आली नाही. निळ्या, हिरव्या आणि जांभळ्या झाकेच्या पावडरींनी मात्र मला बुचकळ्यात टाकले आहे, आणि दुकानदाराकडून समाधानकारक उत्तर मिळत नसल्यामुळे हा प्रश्न येथे मांडत आहे.

निळ्या झाकेची पावडर डबीत जवळजवळ पांढरीच दिसते. काळ्या नमुनापाटीवर तिचा एक हात दिला की ती गडद, तेजस्वी निळी दिसते. तीच पावडर त्याच मीडियममधून पांढरा प्रायमर दिलेल्या शेल्यावर मारली, तर प्रकाश अंगावरून घसरतो त्या एका कोनात फिकट निळसर चमक दिसते आणि इतर सर्व बाजूंनी शेला पिवळट, जुना झालेल्या पांढऱ्या कापडाच्या रंगाचा वाटतो. पावडर खराब म्हणावी, तर काळ्यावर ती इतकी सुंदर कशी उमटते?

दुसरी गोष्ट अशी की पोपटी छटा मिळवण्यासाठी निळ्या आणि पिवळ्या झाकेच्या पावडरी सारख्या प्रमाणात मिसळल्या, तर हिरव्याऐवजी फिकट चंदेरी रंग आला. शिवाय कोरडी पावडर बोटाने चोळली असता जितकी झळकते, तितकी ती वार्निशचा हात दिल्यावर झळकत नाही. आणि पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये टाकली, तर तिचा मागमूसही उरत नाही.

पिशवीवर घटक म्हणून अभ्रक आणि टायटॅनियम डायऑक्साइड एवढेच लिहिलेले असते. अभ्रक रंगहीन असतो आणि टायटॅनियम डायऑक्साइड पांढरा. मग निळा रंग येतो कोठून, आणि मूर्तीवर तो हुकमी मिळवायचा असेल तर काय करावे?


प्रकाशवेध:

नमस्कार. आपली निरीक्षणे अतिशय नेमकी आहेत आणि त्या सर्वांचे मूळ एकच आहे. या पावडरीत निळे रंगद्रव्य मुळीच नाही; तिचा निळा रंग टायटॅनियम डायऑक्साइडच्या लेपाच्या जाडीतून निर्माण होतो.

नेहमीचे रंगद्रव्य पांढऱ्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. अल्ट्रामरीन निळे दिसते, कारण पिवळा-नारिंगी भाग त्यात शोषला जाऊन त्याची उष्णता होते. टायटॅनियम डायऑक्साइड आणि स्वच्छ अभ्रक हे दोन्ही पदार्थ दृश्य प्रकाशातले जवळजवळ काहीच शोषत नाहीत. म्हणून आपल्या पावडरीत प्रकाशाचा कोणताही भाग नाहीसा होत नाही, त्याची केवळ वाटणी होते. निळा भाग पापुद्र्यावरून परत फिरतो आणि उरलेला पिवळसर भाग पापुद्र्यातून आरपार जातो. पांढऱ्या शेल्यावर आपल्याला जे पिवळटपण दिसते, तो हाच दुसरा वाटा आहे.

वाटणी कशी होते ते थोडे विस्ताराने सांगतो. पावडरीचा प्रत्येक कण म्हणजे अभ्रकाचा एक चपटा, पारदर्शक पापुद्रा असतो. त्याची रुंदी साधारण १० ते ६० मायक्रोमीटर, तर जाडी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आतबाहेर असते, आणि त्याच्या दोन्ही अंगांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असतो. प्रकाशाचा काही अंश लेपाच्या वरच्या पृष्ठावरून परततो आणि काही अंश लेप ओलांडून, जेथे अभ्रक सुरू होतो तेथून परततो. या दोन लहरी पुन्हा एकत्र येतात तेव्हा, एकीने दुसरीपेक्षा किती जास्त वाट चालली आहे यावर, त्या एकमेकींना बळ देतात किंवा खोडून काढतात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात जे रंग दिसतात, त्यांच्यामागेही हेच व्यतिकरण असते.

आता आकडे पाहू. लेपाचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती मंदावतो याचे माप, सुमारे २.५ आहे, अभ्रकाचा सुमारे १.५८ आणि वार्निशचा सुमारे १.५. कमी अपवर्तनांकाच्या माध्यमातून जास्त अपवर्तनांकाच्या माध्यमावर आदळून परतणारी लहर उलटी होते, तर याच्या विरुद्ध स्थितीत ती उलटत नाही. म्हणून लेपाच्या वरच्या पृष्ठावरची लहर उलटते आणि खालच्या पृष्ठावरची उलटत नाही. याचा परिणाम असा होतो की लेपाची जाडी आणि अपवर्तनांक यांचा गुणाकार ज्या तरंगलांबीच्या एकचतुर्थांश किंवा पाऊणपट भरतो, ती तरंगलांबी सर्वाधिक परावर्तित होते, आणि ज्या तरंगलांबीच्या तो निम्मा भरतो, ती सर्वांत कमी.

लेप ५० नॅनोमीटर जाड असेल, तर गुणाकार १२५ येतो आणि कमाल परावर्तन ५०० नॅनोमीटरला होते. परंतु ही कमाल इतकी पसरट असते की सर्व दृश्य रंग जवळजवळ सारखेच परततात आणि पावडर चंदेरी दिसते. ७० नॅनोमीटरला गुणाकार १७५ होतो, कमाल ७०० म्हणजे लाल टोकाला जाते, किमान ३५० ला अतिनील भागात येते, जांभळा आणि निळा भाग दुबळा पडतो आणि सोनेरी झाक मिळते. १०० नॅनोमीटरला किमान बरोबर ५०० वर येते, वर्णपटाचा निळा-हिरवा मध्यभाग गळतो आणि लाल झाक उरते. १३० नॅनोमीटरला गुणाकार ३२५ होतो. किमान ६५० ला, म्हणजे लाल भागात, आणि पाऊणपटीच्या नियमाने कमाल सुमारे ४३३ ला, म्हणजे निळ्यात. हीच आपली निळी पावडर. १६० नॅनोमीटरला कमाल सुमारे ५३३ वर येते आणि झाक हिरवी होते. प्रत्यक्षातल्या लेपात बारीक छिद्रे असल्यामुळे जाडीचे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण रंगांचा क्रम हाच राहतो. चंदेरीपासून हिरव्यापर्यंतचा सर्व प्रवास लेपाच्या जाडीतल्या सुमारे ११० नॅनोमीटरच्या फरकात होतो, आणि पदार्थ मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच दोन असतात. कितीही वेळा शिकवले तरी मला या गोष्टीचे नवल वाटते.

काळ्या पाटीवर आरपार गेलेला पिवळसर प्रकाश काळा रंग शोषून घेतो, म्हणून डोळ्यापर्यंत केवळ निळा पोहोचतो. पांढरा प्रायमर मात्र तो पिवळसर प्रकाश सर्व दिशांना परत फेकतो. निळा प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने जातो आणि पिवळसर सगळीकडे पसरतो. म्हणून चमकेच्या कोनात दोन्ही मिळून फिकट निळसर पांढरे दिसते आणि इतर कोनांतून नुसते पिवळट. खात्री करून घ्यायची असेल, तर पारदर्शक चिकटपट्टीवर पावडर पातळ चोळून पट्टीचा अर्धा भाग काळ्या आणि अर्धा पांढऱ्या कागदावर लावा. काळ्यावर निळी आणि पांढऱ्यावर पिवळट दिसली, तर तिचा रंग केवळ व्यतिकरणाचा आहे. दोन्हीकडे निळी दिसली, तर तिच्यात शोषक निळे रंगद्रव्यही मिसळलेले किंवा लेपलेले आहे.

मिश्रणाचे उत्तरही यातूनच मिळते. पोस्टर रंगांत निळे आणि पिवळे रंगद्रव्य आपापला वाटा शोषून घेतात आणि दोघांनीही न शोषलेला हिरवा उरतो. येथे मात्र निळे पापुद्रे निळा प्रकाश परत पाठवतात, पिवळे पापुद्रे पिवळा, आणि डोळ्यात त्या दोन प्रकाशांची बेरीज होते. निळा आणि पिवळा प्रकाश एकत्र आले की पांढरट दिसते, म्हणून आपल्याला चंदेरी मिळाली. पोपटी हवा असेल, तर हिरव्या झाकेचीच पावडर घ्यावी.

राहिला वार्निशचा प्रश्न. कोणत्याही सीमेवरून किती प्रकाश परततो हे दोन्ही बाजूंच्या अपवर्तनांकांतील तफावतीवर अवलंबून असते. नुसता अभ्रक हवेत सुमारे ५ टक्के प्रकाश परत पाठवतो. तोच वार्निशमध्ये बुडवला तर ०.१ टक्काही नाही, म्हणून साधी अभ्रकाची पूड वार्निशमध्ये दिसेनाशी होते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका पृष्ठावरून हवेत सुमारे १८ टक्के आणि वार्निशमध्ये सुमारे ६ टक्के प्रकाश परततो. लेपाच्या दोन्ही पृष्ठांवरच्या लहरी जुळून आल्या की वार्निशमध्येही एकाच लेपाचे परावर्तन २० टक्क्यांच्या घरात जाऊ शकते. म्हणजे वार्निशने झळाळी काहीशी उतरणार हे अटळ आहे, परंतु लेप असल्यामुळेच ती टिकून राहते. अभ्रकावर एवढ्या खटपटीने लेप चढवण्याचे कारणच हे आहे.


लेपनशास्त्र:

वरील विवेचन उत्तम आहे. मी रंगद्रव्यांच्या उत्पादनात काम केलेले असल्यामुळे कारखान्याच्या बाजूने भर घालतो, कारण मूर्तिरंग यांना लॉटमधल्या फरकाचाही अनुभव येत असणार.

अभ्रक पाण्यात दळून त्याचे पदर सुटे करतात आणि कणांच्या आकारानुसार प्रतवारी लावतात. मग तो पाण्यात ढवळत ठेवून, तापवून, त्यात टायटॅनियमच्या क्लोराइडचे आम्लधर्मी द्रावण अतिशय सावकाश सोडतात आणि त्याच वेळी अल्कली सोडून सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) २ च्या आसपास स्थिर राखतात. टायटॅनियमचे जलयुक्त ऑक्साइड अभ्रकाच्या पृष्ठावर बसत जाते. घाई केली तर ते अभ्रकावर न बसता पाण्यातच सुटे कण बनवते, आणि हे सुटे कण प्रकाश विखुरून पावडरीला दुधट करतात. लेप जाड होत जाईल तसा पिंपातल्या पाण्याचा रंग चंदेरी, सोनेरी, लाल, निळा, हिरवा असा बदलत जातो. मध्येमध्ये नमुने काढून, हवी ती झाक दिसली की द्रावण थांबवतात. त्यानंतर गाळणे, धुणे, वाळवणे आणि ७०० ते ९०० अंश सेल्सियसला भाजणे. शब्दशः नॅनोमीटरवर नजर ठेवून चालणारे हे काम आहे, आणि ते जवळून पाहिलेल्या माणसाला या पावडरीची किंमत जास्त वाटत नाही.

प्रकाशवेध यांच्या हिशोबात १३० ऐवजी १२० नॅनोमीटर घालून पाहा: कमाल ४३३ वरून ४०० वर सरकते, म्हणजे निळा जांभळ्याकडे झुकतो. केवळ १० नॅनोमीटरच्या फरकाने रंग इतका हलतो. म्हणून एका हंगामातल्या एका प्रकारच्या मूर्तींसाठी लागणारी पावडर एकाच लॉटची घ्यावी आणि लॉट क्रमांक जपून ठेवावा.

टायटॅनियम डायऑक्साइडची अॅनाटेज आणि रुटाइल अशी दोन स्फटिकरूपे यात वापरली जातात. अभ्रकावर आपोआप अॅनाटेज तयार होते. रुटाइल हवे असेल, तर आधी कथिलाच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर द्यावा लागतो. रुटाइलचा अपवर्तनांक २.७ च्या आसपास असल्यामुळे चमक अधिक मिळते आणि ते उन्हापावसात जास्त टिकते. अॅनाटेज उन्हात भोवतालच्या बाइंडरचे, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या माध्यमाचे, विघटन घडवते, त्यामुळे बाहेरच्या फलकांना ते चालत नाही. घरात पूजल्या जाणाऱ्या मूर्तीला दोन्ही चालतील.

कणांच्या आकाराकडे रंगकर्मी सहसा दुर्लक्ष करतात, ते करू नये. ५ ते २५ मायक्रोमीटरची पावडर रेशमी, मऊ झळाळी देते आणि खालचा रंग बऱ्यापैकी झाकते, कारण तिच्या असंख्य कडा प्रकाश विखुरतात. १० ते ६० ची पावडर मोत्यासारखी दिसते. १०० च्या पुढचे कण सुटेसुटे चमचमतात आणि खालचा रंग जवळजवळ झाकतच नाहीत. लहान मूर्तीच्या शेल्याला माझ्या मते पहिला प्रकार शोभतो; मोठे कण तेथे भडक आणि विस्कळीत वाटतात.

पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये पावडर हरवते, कारण त्या पेंटमधले पांढरे कण पाव मायक्रोमीटरच्या आसपास असतात आणि प्रकाश विखुरण्यासाठीच तो आकार निवडलेला असतो. पापुद्र्यापर्यंत सरळ प्रकाश पोहोचतच नाही, मग आरसा चमकणार कसा? मोतिया पावडरीबरोबर केवळ पारदर्शक रंगच चालतात. आणखी एक सूचना अशी की पावडर मिक्सरमध्ये किंवा खलात घोटू नये. पापुद्रे मोडले की मोडलेल्या कडा उघड्या पडतात, लेप सुटतो आणि झळाळी कायमची जाते. थोड्या मीडियममध्ये भिजवून हाताने सावकाश कालवणे पुरेसे असते.


मूर्तिरंग:

दोघांचेही मनापासून आभार. चिकटपट्टीची परीक्षा घेतली. निळी, हिरवी आणि जांभळी या तिन्ही पावडरी काळ्यावर स्वतःच्या रंगाच्या आणि पांढऱ्यावर अनुक्रमे पिवळट, गुलाबीसर आणि हिरवट पिवळ्या दिसल्या. मोरपंखी नावाची चौथी पावडर मात्र दोन्हीकडे निळीच राहिली, म्हणजे तिच्यात वेगळे रंगद्रव्य असणार.

आता दोन शंका उरल्या आहेत. शेल्याखाली संपूर्ण काळा रंग देणे आमच्या परंपरेत बसत नाही. मधला मार्ग आहे का? आणि मुकुट व दागिन्यांसाठी आम्ही वापरतो ती सोनेरी ब्राँझ पावडर कोकणातल्या दमट हवेत काही महिन्यांत काळवंडते. अभ्रकाची सोनेरी पावडर तिची जागा घेऊ शकेल का? मूर्ती पाण्यात विसर्जित होणार असल्यामुळे त्या दृष्टीनेही सांगावे.


वाहनरंग:

मी मोटारींच्या रंगकामात आहे. पहिल्या शंकेचे उत्तर आमच्या रोजच्या कामात आहे, म्हणून लिहितो.

काळा देण्याची गरज नाही. ज्या झाकेची पावडर आहे, त्याच रंगाचा मध्यम किंवा गडद साधा थर खाली द्यावा. निळ्या पावडरीखाली निळा रंग दिला, तर आरपार गेलेला पिवळसर प्रकाश तो निळा थर बऱ्याच अंशी शोषून घेतो आणि स्वतःचा निळा परत पाठवतो, त्यामुळे चमकेच्या कोनात आणि बाहेरही रंग निळाच राहतो. मुद्दाम दुरंगी परिणाम हवा असेल, तर तळाचा रंग वेगळा ठेवावा. गडद निळ्या तळावर सोनेरी झाक अतिशय देखणी दिसते आणि मूर्ती फिरवली की शेल्याच्या चुण्या उठून येतात.

पांढऱ्या मोतिया मोटारींवर तीन थर असतात: खाली अपारदर्शक पांढरा, मध्ये पारदर्शक बाइंडरमध्ये चंदेरी पावडर, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक वार्निश. या कामात मधल्या थराच्या हातांची संख्या बदलली की रंग बदलतो, म्हणून ठोकर लागलेल्या एका दाराचा रंग शेजारच्या भागाशी जुळवणे फार कठीण जाते. आपल्याकडेही जोडीच्या मूर्ती एकाच माणसाने, एकाच दाबाने आणि तितक्याच हातांनी रंगवाव्यात, असा माझा आग्रह राहील.

पापुद्रे पृष्ठाला समांतर निजले तरच झळाळी येते. रंग सुकताना द्रव उडून थर आकसतो आणि पापुद्रे आडवे होतात, पण त्यासाठी थर पातळ असावा लागतो. एकच ओला, जाड हात दिला तर पापुद्रे वाहतात, वाटेल तसे उभेआडवे अडकतात आणि पृष्ठावर ढगाळ डाग उमटतात. पातळ हात देऊन प्रत्येक हातानंतर थोडे सुकू द्यावे. ब्रशने लावल्यास ओढीच्या दिशेने पापुद्रे रांगेत बसतात आणि रेघा दिसतात. पितांबराच्या काठावर ते शोभून दिसेल, गालावर किंवा सोंडेवर दिसणार नाही.

या पावडरींवर किती गोष्टी अवलंबून असतात हे आम्ही २०११ मध्ये पाहिले. मोटारींच्या रंगात अभ्रकाऐवजी अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) पापुद्र्यांचे शिरॅलिक नावाचे एक रंगद्रव्य वापरतात, आणि ते त्या वेळी जर्मनीच्या मर्क कंपनीच्या जपानमधील ओनाहामा येथील एकाच कारखान्यात तयार होत असे. मार्चमधील भूकंप आणि त्सुनामीनंतर तो कारखाना बंद पडला आणि फोर्डसह अनेक मोटार कंपन्यांना काही काळे व लाल रंग तात्पुरते थांबवावे लागले.


लेपनशास्त्र:

सोन्याच्या शंकेचे उत्तर देतो. बाजारातली सोनेरी ब्राँझ पावडर म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे पापुद्रे असतात. दमट, खारट हवेत किंवा आम्लयुक्त वार्निशमध्ये तांब्याचे ऑक्सिडीकरण होते आणि रंग काळवंडतो किंवा हिरवट पडतो. अभ्रकाच्या सोनेरी पावडरीत टायटॅनियम डायऑक्साइडचा सोनेरी झाकेपुरता लेप असतो आणि त्यावर आयर्न ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. हे दोन्ही पदार्थ आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत आहेत, त्यामुळे ते काळवंडण्याचा प्रश्नच उरत नाही. येथे व्यतिकरणाचा पिवळा आणि आयर्न ऑक्साइडच्या शोषणाचा पिवळा-तांबूस असे दोन्ही रंग एकाच दिशेने काम करतात, म्हणून ही पावडर पांढऱ्या तळावरही सोनेरीच दिसते. अभ्रकावर केवळ आयर्न ऑक्साइडचा लेप दिला, तर लेप जाड होत जाईल तसे ब्राँझ, तांबे आणि मग मद्यासारखा लाल असे रंग मिळतात; दागिन्यांतल्या माणकांभोवतीच्या कोंदणाला यातला तांब्याचा रंग वापरून पाहावा.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. धातूचा पापुद्रा अपारदर्शक असतो, अभ्रकाचा नसतो. त्यामुळे ब्राँझ पावडर एका हातात तळ झाकते, तसे येथे होणार नाही. मुकुटाला आधी पिवळ्या गेरूच्या जवळचा अपारदर्शक तळ द्यावा आणि त्यावर अभ्रकाची सोनेरी पावडर मारावी. धातूची कडक, आरशासारखी चकाकी तिला येत नाही. तिची झळाळी खोलातून येते आणि माझ्या नजरेला देवाच्या दागिन्यांवर तीच अधिक शोभते.

विसर्जनाविषयी: अभ्रक, टायटॅनियम डायऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइड पाण्यात विरघळत नाहीत. ते गाळाबरोबर तळाशी बसतात. परंतु ज्या पावडरी दोन्ही तळांवर रंगीत दिसतात, त्यांच्या वर प्रशियन ब्लू, क्रोमियम ऑक्साइड किंवा एखादे सेंद्रिय रंगद्रव्य असू शकते, म्हणून आपल्या मोरपंखी पावडरीचे घटकपत्रक विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. रंग कशात कालवला आहे हेही तितकेच महत्त्वाचे ठरते. शाडूच्या मूर्तीवर ऑइल पेंटचा जाड थर असेल, तर माती पाण्यात लवकर विरघळत नाही. पर्ल पावडरीला पाण्यात कालवायचे पारदर्शक बाइंडर सहज चालतात, ते घ्यावे.

जुन्या साठ्यातली, नाव नसलेली मोतिया लुगदी कोणी स्वस्तात देऊ केली, तर घेऊ नये. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये माशांच्या खवल्यांतल्या ग्वानिनच्या स्फटिकांपासून खोट्या मोत्यांचा मुलामा बनू लागला. विसाव्या शतकात त्याची जागा मुख्यतः शिशाच्या क्षारयुक्त कार्बोनेटने आणि बिस्मथ ऑक्सिक्लोराइडने घेतली. त्यांतले शिशाचे संयुग विषारी आहे. टायटॅनियमचा लेप दिलेल्या अभ्रकाचे अमेरिकी पेटंट ड्यू पाँट कंपनीला १९६३ मध्ये मिळाले आणि तेथून पुढे ही पावडर सर्वत्र पसरली. आपल्याकडे पुण्याची सुदर्शन केमिकल ही कंपनी सुमिका या नावाने अशी रंगद्रव्ये बनवते. रोहा आणि महाड येथे तिचे कारखाने आहेत, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. थेट उत्पादकाच्या वितरकाकडून घेतल्यास घटकपत्रक मागणे सोपे जाते.

फवारणी करताना सर्व कारागिरांनी चांगला मास्क वापरावा. विरघळत नाही म्हणून जो पदार्थ पाण्यात निरुपद्रवी ठरतो, तो त्याच कारणाने फुप्फुसात साचून राहतो.


खनिजवाट:

एका गोष्टीचा उल्लेख झाला नाही, तो करतो, कारण नोकरीनिमित्त मी झारखंडमध्ये राहिलो आहे. भारतातल्या नैसर्गिक अभ्रकाचा मोठा भाग कोडरमा आणि गिरिडीह हे झारखंडमधले जिल्हे आणि शेजारचा बिहारमधला नवादा या पट्ट्यातून येतो. १९८० चा वनसंरक्षण कायदा आल्यानंतर तेथील अनेक खाणी बंद झाल्या, पण अभ्रक वेचणे थांबले नाही. जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून आणि अरुंद बिळांतून निघणाऱ्या या भंगार अभ्रकाला तेथे ढिबरा म्हणतात. तो वेचण्यात कुटुंबेच्या कुटुंबे, लहान मुलांसह, राबतात. बिळे ढासळून मृत्यूही झाले आहेत. पर्ल पावडरीला अखंड, मोठे अभ्रकपत्रे लागत नाहीत, भंगार चालते, म्हणून हा प्रश्न या उद्योगाशी थेट जोडलेला आहे. २०१७ मध्ये पॅरिस येथे रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली आणि सौंदर्यप्रसाधने व रंग बनवणाऱ्या अनेक कंपन्या तिच्या सदस्य आहेत. विक्रेत्याला अभ्रक कोठून आला हे विचारण्याचा अधिकार छोट्या कारखान्यालाही आहे, आणि मूर्तिकारांनी तो प्रश्न एकत्र येऊन विचारला तर त्याला वजन येईल.

कृत्रिम अभ्रकावरच्या पावडरीही मिळतात. त्यांच्या झळाळीत काही फरक पडतो का, हे प्रकाशवेध सरांनी सांगावे.


प्रकाशवेध:

कृत्रिम अभ्रक म्हणजे फ्लोरफ्लोगोपाइट. मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, सिलिकॉन, पोटॅशियम आणि फ्लोरीन यांची संयुगे वितळवून आणि सावकाश थंड करून तो तयार करतात. त्याचा अपवर्तनांक नैसर्गिक अभ्रकापेक्षा थोडा कमी आहे, त्यामुळे लेपाच्या जाडीचा वरचा हिशोब जवळपास तसाच लागू होतो. फरक पडतो तो लोहाच्या अंशामुळे. नैसर्गिक अभ्रकात थोडे लोह असते आणि त्याने पापुद्र्याला किंचित पिवळट-तपकिरी छटा येते. कृत्रिम अभ्रक लोहविरहित असल्यामुळे पूर्ण रंगहीन असतो. गडद तळावर हा फरक डोळ्याला जाणवणार नाही. पांढऱ्या तळावर चंदेरी पावडर मारताना मात्र तो स्पष्ट दिसतो, म्हणून शुभ्र मोतिया मूर्ती करायची असेल तेथे कृत्रिम अभ्रकाची पावडर जास्त दर देऊनही घ्यावी आणि निळ्या शेल्यासाठी साधी वापरावी.

मूर्ती फिरवली असता निळा रंग किती सरकतो, असेही कोणी विचारेल, म्हणून तेही सांगून ठेवतो. प्रकाश ६० अंशांनी तिरपा आला तरी २.५ अपवर्तनांकाच्या लेपात शिरताना तो इतका वळतो की आतली वाट केवळ ६ टक्क्यांनी बदलते. निळा फार तर जांभळ्याकडे किंचित झुकतो. हिरव्यापासून जांभळ्यापर्यंत रंग पालटणाऱ्या ज्या महागड्या पावडरी मिळतात, त्यांतल्या अनेकांमध्ये सर्व पापुद्रे एकसारख्या जाडीच्या सिलिकाचे असतात. सिलिकाचा अपवर्तनांक १.४६ असल्यामुळे तितक्याच तिरप्या प्रकाशात तेथील वाट सुमारे २० टक्क्यांनी बदलते. अभ्रकाच्या पापुद्र्यांची जाडी एकसारखी नसते, त्यामुळे अभ्रकाचे स्वतःचे व्यतिकरण सरासरीत पुसले जाते आणि रंग केवळ लेपावर ठरतो. शेल्याचा निळा सर्व बाजूंनी निळाच दिसावा अशी आपली अपेक्षा असेल, तर अभ्रकाची पावडरच योग्य आहे.